हात लागलेलं सोनं

"हात लागलेत," नाणेवाला म्हणाला.

तो माझ्याकडे बघतही नव्हता. डोळ्याला भिंग, हातांत पांढरे सुती हातमोजे आणि दोन बोटांच्या चिमटीत कडेनं धरलेलं माझं नाणं. मला वाटलं, हा दुसऱ्याच कुणाच्या नाण्याबद्दल बोलतोय. "कुणाचे?" मी विचारलं. त्यानं भिंग खाली ठेवलं आणि रिपोर्ट वाचून झाल्यावर डॉक्टर करतात तसा चेहरा केला. तो चेहरा मला पाठ आहे. गेल्या वर्षभरात मी तो इतक्यांदा बघितला, की कुणी साधा पुसायला म्हणून चष्मा काढला तरी मी उठून उभा राहतो. "साहेब, डबी उघडलेली आहे," तो म्हणाला. "नाण्यावर बोटांचे ठसे आहेत. एकदोनदा नाही, चांगलं हाताळलंय कुणीतरी." मी म्हणालो, शक्य नाही, मी ही नाणी कधीच उघडलेली नाहीत. "तुम्ही नसतील उघडली," तो म्हणाला, आणि त्या 'तुम्ही'वर त्यानं जो किंचित जोर दिला त्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण लेक लग्न होऊन गेल्यापासून घरात माणसं दोनच होती. त्यातलं एक आता नाही.

मी नाणी विकायला गेलो होतो. सगळी. त्याला कारण हाच माणूस. तो दरवर्षी फोन करायचा तसा त्यानं यंदाही केला. "साहेब, या वर्षीचं आलंय. पाणमांजर आहे. फार सुंदर काढलंय, पाण्याचे थेंब मोजून घ्या." ही सोन्याची नाणी दरवर्षी एक अशी निघतात, एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला एक रानातलं जनावर. दरवर्षी नवं जनावर. मी फोन कानाला लावून उभा होतो, समोर बायकोची औषधं अजून टेबलावर तशीच होती, आणि तो मला थेंब मोजायला सांगत होता. मी म्हणालो, पाणमांजर तुलाच राहू दे, आधीची सगळी घेऊन येतो, ती पण ठेवून घे. त्याला वाटलं मला पैशांची नड आहे. आवाज मऊ करून म्हणाला, असा अख्खा संच, एकही नाणं न उघडलेलं, आजकाल बघायला मिळत नाही, माझ्याकडे एक गिऱ्हाईक आहे, ते डोळे झाकून घेईल. मला नड नव्हती. मला त्या जनावरांचा राग आला होता. घुबड, कोल्हा, रानडुक्कर, ससाणा, सगळी आपापल्या गोल प्लास्टिकच्या डबीत होती तशी बसलेली. इतक्या वर्षांत त्यांना काही झालेलं नव्हतं. सर्दी नाही, ताप नाही. घरात एवढं सगळं झालं आणि यांच्यावर साधा ओरखडा नाही. ज्याला काही होत नाही अशी वस्तू मला घरात नको होती.

आणि आता हा सांगत होता, हात लागलेत.

माझं सगळं आयुष्य हात न लावण्यात गेलं. मी वजनकाटे तपासायचो. दुकानांतले, कारखान्यांतले, औषधं बनवतात तिथले, प्रयोगशाळांतले. माझ्याकडे एक पेटी असायची, आतून मखमल लावलेली, आणि तिच्यात प्रमाण वजनं. ती चिमट्यानंच उचलायची. काट्यावर चिमट्यानं ठेवायची, चिमट्यानं काढायची. कारण बोट लागलं की ठसा उमटतो, ठसा म्हणजे तेल आणि घाम, आणि त्यालाही वजन असतं. आमच्याकडे नवीन लागलेली पोरं हे ऐकून हसायची. एकानं माझं नाव मिलीग्रॅम ठेवलं. ते मागून चालायचं, मग समोरून चालायला लागलं, आणि एकदा ऑफिसच्या जेवणाला मी बायकोला घेऊन गेलो तर तिथून ते घरी आलं. तेव्हापासून मी दारात चपला काढल्या की आतून आवाज यायचा, "आले का मिलीग्रॅम? चिमटा बाहेर ठेवा आणि हातानं जेवा." मला हे आवडायचं नाही. आता तो आवाज यावा म्हणून मी काय वाटेल ते देईन, हे खरं, पण तेव्हा मला ते आवडायचं नाही हेही खरं, आणि आता ती नाही म्हणून मी खोटं बोलणार नाही.

ह्या नाणेवाल्याशी ओळख त्याचा काटा तपासायला गेलो तेव्हाची. काम झाल्यावर त्यानं घुबड दाखवलं. पहिलंच वर्ष होतं त्या मालिकेचं. मागची जागा आरशासारखी लख्ख आणि त्यावर घुबड तेवढं मंद, पिठूळ. मला जनावरांचं काही प्रेम नाही. मी कधी कुत्रं पाळलं नाही, प्राणिसंग्रहालयात गेलो ते लेकीसाठी, आणि तिथंही मी पिंजऱ्यांच्या कड्या नीट लावल्यात का तेच बघत होतो. मला आवडलं ते वेगळंच. त्यानं ते नाणं डबीसकट एका पारड्यात ठेवलं आणि तसलीच रिकामी डबी आणि वजनं दुसऱ्या पारड्यात, आणि जे लिहिलं होतं तेच वजन आलं. ना इकडे ना तिकडे. मी आयुष्यभर खोट्या वजनांच्या मागे फिरलेला माणूस. सांगितलं तेच असणारी एक तरी वस्तू जगात आहे, आणि ती माझ्या ऐपतीत बसते, वर्षाला एक. मी घुबड घेतलं.

घरी आणलं तेव्हा ती मशिनवर होती. ती पडदे शिवायची, सोफ्यांचे अभ्रे शिवायची. दुकानात गेली की कापड डोळ्यांनी बघायचीच नाही. अंगठा आणि पहिलं बोट, यांच्यात कापड धरायचं, डोळे मिटायचे आणि चोळायचं. दुकानदार भाव सांगत असायचा, ही डोळे मिटून उभी. मी लाजेनं बाहेर जाऊन थांबायचो. "कापडाला काय विचारायचं," ती म्हणायची, "हाताला विचारायचं." सुई टोचून टोचून तिच्या पहिल्या बोटाचं टोक खरखरीत झालेलं होतं. तर तिनं मशीन थांबवलं, डबी उजेडात धरली, आणि म्हणाली, "हात लावू?"

"नाही."

"मग काय करायचं त्याचं?"

"बघायचं."

तिनं बघितलं. "बघितलं," ती म्हणाली. "आता?"

मी तिला ठशाचं सांगितलं, आरशासारख्या जागेवर बोट लागलं तर काय होतं ते सांगितलं, किंमत कशी जाते ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती ऐकून घ्यायची तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पुढच्या वर्षी कोल्हा आला. मग एकेक. एका वर्षी खवले मांजर आलं, अर्धवट अंग मुडपून बसलेलं, पाठीवर खवल्यांच्या रांगाच रांगा, प्रत्येक खवला वेगळा उठून आलेला. तिनं डबी हातात घेतली आणि हसतच सुटली. "अहो, हे काय आणलंत? किसणी आहे का ही?" तेव्हापासून घरात त्याचं नाव किसणी. "किसणीला झाकून ठेवा, पाहुणे आलेत." "तुमच्या किसणीला मूल झालं का हो यंदा?" मी ते लाकडी पेटीत, फडक्यावर, आपल्या जागी ठेवायचो. पेटीला कुलूप नव्हतं. घरात कुलूप कुणासाठी लावायचं?

नाणेवाला आता एकेक डबी उघडत होता. घुबड. "यावर पण." कोल्हा. "यावर पण." प्रत्येक वेळी तो भिंग लावायचा, नाणं तिरपं करायचा, मग जीभ टाळ्याला लावून चक् करायचा. त्या चक्‌चा मला इतका राग आला की मी टेबलाची कड धरून बसलो. माझ्या बायकोबद्दल हा माणूस चक् करत होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई आपल्या पाकिटातलं काहीतरी दाखवायला बसली होती, तीही मान लांब करून बघायला लागली. "खेळले का लहान मुलांनी?" तिनं सहानुभूतीनं विचारलं. मी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की ती पाकिटाशी चाळा करायला लागली.

मग किसणी आली. त्यानं ती बराच वेळ बघितली. "हे तर गेलंच," तो म्हणाला. "ठसे सोडा. हे बघा, पाठीवर. खवल्यांची टोकं झिजलीत. एका ठराविक ठिकाणीच. कुणीतरी इथंच बोट घासत बसलेलं आहे." बोट घासत बसलेलं आहे. जसं काही तिला दुसरा उद्योग नव्हता. त्यानं नाणं काट्यावर ठेवलं आणि आकडा माझ्याकडे वळवला. कमी होता. किंचित, पण कमी. "तुझा काटा बिघडलाय," मी म्हणालो. त्यानं काटा उचलून बाजू दाखवली. तिथं तपासणीचा कागद चिकटवलेला होता, कडा पिवळ्या पडलेल्या, आणि खाली माझी सही. शेवटची. मी निवृत्त व्हायच्या आधीची. "मुदत संपलीये ह्याची," मी म्हणालो. "संपली असेल साहेब," तो म्हणाला, "पण तुम्ही लावलेला काटा कधी हललाय का?" त्याला ते कौतुक वाटत होतं.

मला राग कुणाचा आला हे नीट सांगता यायला हवं. आधी त्याचा. मग तिचा. मी तिथं त्या खुर्चीवर बसून तिच्याशी भांडत होतो, मनातल्या मनात, जसं तेहेतीस-पस्तीस वर्षं भांडलो तसं. तू माझ्या पाठीमागे हे केलंस. मी ऑफिसला गेलो की पेटी काढायचीस. मी संध्याकाळी डब्या बघायचो तेव्हा तू समोर बसून भाजी निवडायचीस आणि तोंडावरची रेषा हलू द्यायची नाहीस. बरं, उघडलीस कशी? डबीला नख लागत नाही. आणि परत बंद कशी केलीस, की मला, ज्याला कागदाचा कपटा काट्यावर पडलेला कळतो, त्याला कळू नये? मी ही नाणी आणली, सांभाळली, आणि मला त्यांचा स्पर्श कसा आहे हे ठाऊक नाही. गार असतं का? खरखरीत असतं? ते तुला ठाऊक होतं. तुला सगळं ठाऊक होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. ती काय म्हणाली असती हेही मला ऐकू येत होतं. "तुम्ही विचारलंत कुठं?" हेच. प्रत्येक भांडणात तिचं शेवटचं वाक्य हेच असायचं. आताही तेच. फक्त आता भांडण संपल्यावर चहा ठेवू का म्हणून विचारणारं कुणी नव्हतं, आणि तो राग तसाच उघडा पडून राहिला.

शेवटी शेवटी तिला काचेच्या खोलीत ठेवलं होतं. रक्तच असं झालं होतं की बाहेरचं काही लागता कामा नये. आत जायचं तर कोपरापर्यंत हात धुवायचे, वरून तो पाठीमागे बांधायचा डगला, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, हातांत निळे रबरी हातमोजे. माझ्यासारखा माणूस तिथं शोभून दिसायचा. मी सगळं क्रमानं करायचो, बोटांच्या बेचक्यांतून साबण फिरवायचो, एकही पायरी चुकायचो नाही. सिस्टर दुसऱ्या नातेवाइकांना माझं उदाहरण द्यायची. "ह्या काकांकडे बघा जरा. कसं नीट करतात. असं पाहिजे." मला ते ऐकून बरं वाटायचं. आज मला त्या बरं वाटण्याचा इतका संताप येतो की भिंतीवर डोकं आपटावं. तिला माझं हे रूप बघून हसू यायचं, हसायला दम नसायचा तरी. एकदा तिनं माझं बोट धरलं, आपल्या अंगठा आणि पहिल्या बोटात, डोळे मिटले आणि हातमोज्याचं रबर चोळून बघितलं. "माल काही खरा नाही," ती म्हणाली. "पहिल्या धुण्यात जाईल." मग थोड्या वेळानं म्हणाली, "झालं ना तुमच्या मनासारखं? मला पण डबीत घातलं." मी रागावलो. असलं बोलू नये म्हणालो. सिस्टर म्हणाली, काका, वेळ संपली, आणि मी उठलो, कारण वेळ संपली होती. आणि एवढं करून झालं काय? बाहेरून काही आलंच नाही. जे झालं ते आतून झालं. मी वापरलेल्या त्या सगळ्या साबणाचा, त्या टोप्यांचा, त्या बेचक्यांचा काडीचा उपयोग नव्हता. आणि नंतर, सगळं संपल्यावर, तीच सिस्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाली, "काका, आता हातमोजे नाही घातले तरी चालेल." आता चालेल! मी ते काढले आणि भिंतीशी ठेवलेल्या, त्यांच्यासाठीच नेमलेल्या पिवळ्या डब्यात टाकले. तेही नियमाप्रमाणे. त्यानंतर मी तिचा हात हातात घेतला तेव्हा तो कसा होता, ते मी सांगणार नाही.

एक उग्र वास आला. नखांचा रंग काढायच्या औषधाला असतो तसा. मी मान वर केली. नाणेवाल्यानं काचेची एक लहान वाटी पुढं ओढली होती, तिच्यात पाण्यासारखं काहीतरी होतं, आणि तो चिमट्यानं किसणी त्यातून बाहेर काढत होता. मऊ कापडावर ठेवली, टिपली, फुंकर मारली, उजेडात धरली. "हे बघा," तो खूश होऊन म्हणाला. "ठसे साफ. झीज काही परत येणार नाही, पण डाग गेला. बाकीच्यांवर तर झीज नाहीच, नुसते ठसे आहेत. सगळी अशी काढून देतो. गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही."

मी बघितलं. मागची जागा आरशासारखी लख्ख होती. तिच्यात दुकानाचा दिवा दिसत होता, आणि माझं नाक, कपाळ. आणि काही नाही.

मी काय ओरडलो ते मला शब्दाशब्दानं आठवत नाही. "कुणाला विचारून?" हे नक्की. "कुणाला विचारून पुसलंस?" हे मी पुष्कळदा म्हणालो. खुर्ची मागे पडली. ती पाकीटवाली बाई उठून दाराशी गेली. नाणेवाला दोन्ही पांढरे हात वर करून मागे सरकला, जसं काही मी त्याला लुटायला आलो होतो. "साहेब, साहेब, फुकट केलंय, नमुना म्हणून—" तो म्हणत होता. मी पुढं वाकून त्याच्या वाटीकडे बघितलं. पाणी नितळ होतं. त्यात काही दिसत नव्हतं. ते उचलून घरी न्यावं असं एक क्षण माझ्या मनात आलं, मला माहीत आहे हा वेडेपणा आहे, पण आलं. तो बिचारा मग हळूच म्हणाला, "वहिनींचे होते का?" मी वाटीकडेच बघत राहिलो. "अहो, मग सांगायचं ना," तो म्हणाला. "सांगायचं होतं हो." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं, आणि त्याचाही मला रागच आला. त्यानं तिला एकदाही बघितलेलं नव्हतं. "डब्या बंद कर," मी म्हणालो. "आहेत तशा. पुसू नकोस, फुंकू नकोस, भिंग लावू नकोस. बंद कर." त्यानं केल्या. किसणीची डबी मात्र मी त्याला बंद करू दिली नाही. ते नाणं मी रुमालात गुंडाळलं आणि खिशात टाकलं, आणि पेटी काखेत मारून बाहेर पडलो.

रस्त्यावर ऊन होतं आणि माणसं आपापल्या कामाला चालली होती. बँकेच्या बाहेर एक जण काच पुसत होता, साबणाच्या फेसाचे मोठे मोठे फराटे, मग रबरी पट्टीनं खाली ओढायचं. काच लख्ख. एका दुकानात बाई फडक्यानं काउंटर पुसत होती. बसच्या थांब्याशी एका आईनं आपल्या पोराचं तोंड थुंकी लावलेलं बोट फिरवून साफ केलं. सगळं जग पुसापुशी करत होतं. मी बसमध्ये चढलो, पण बसवेना, उतरलो आणि चालत निघालो. पेटी जड झाली होती. सोनं लहान दिसतं आणि हात ओढतं. आणि चालता चालता तो आकडा माझ्या डोक्यात घोळायला लागला. काट्यावरचा. किंचित कमी. माझा काटा खोटं बोलत नाही. मग ते कमी झालेलं गेलं कुठं? हे मी आयुष्यभर विचारत आलेलो आहे, दुकानदारांना, गोदामवाल्यांना, कमी भरतंय ते गेलं कुठं? ते कुठंतरी असतंच. नाहीसं असं काही होत नाही. खवल्यांच्या टोकांवरचं सोनं तिच्या बोटाला लागलं. त्या खरखरीत बोटाला. त्याच बोटानं तिनं मग मशीनचं चाक फिरवलं, पडद्यांच्या कडा दुमडल्या, दिव्याचं बटण दाबलं, पीठ मळलं. म्हणजे मी ते खाल्लंसुद्धा असेल. माझ्या शर्टाच्या कॉलरी तीच सरळ करायची, मी निघताना, रोज. मी थांबलो. मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला आणि "बघून चाला ना" म्हणाला, आणि मी त्याला असं काही सुनावलं की तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

घरी लेक आलेली होती. आईचा शिवणाचा कोपरा आवरायला येईन असं ती कधीची म्हणत होती. मशीन तिच्या ओळखीतल्या एका बाईंना द्यायचं ठरलं होतं. जमिनीवर कापडाचे तुकडे रंगांप्रमाणे लावून ठेवलेले, रिळं एका खोक्यात. मी पेटी टेबलावर आपटली. "काय हो बाबा? विकली नाहीत?" तिनं विचारलं. "तुझ्या आईनं हात लावलेत त्यांना," मी म्हणालो. "सगळ्यांना! डब्या उघडून!"

तिला आश्चर्य वाटायला हवं होतं. ती रिळांकडे बघायला लागली.

"तुला माहीत होतं?"

"बाबा, ओरडू नका."

"तुला माहीत होतं का?"

"आई दुपारी काढायची," ती म्हणाली. "काम उरकलं की. शिवण उसवायचं ते छोटं हत्यार असतं ना, त्यानं कडेनं उघडायची, टक् असा आवाज यायचा. पलंगावर सगळी मांडायची. मी शाळेतून आले की मला डोळे मिटायला लावायची आणि एकेक हातात द्यायची. ओळख म्हणायची. मी घुबड लगेच ओळखायचे." ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. "किसणी कुणालाच द्यायची नाही पण. ती तिची. शिवताना कापड कसं बेतायचं याचा विचार करत असली की ती हातात असायची."

"आणि मला?"

"तुम्हाला काय?"

"मला का नाही सांगितलं?"

"ती म्हणायची, मिलीग्रॅमला कळलं तर तो आधी माझे हात धुवायला लावेल आणि मग माझं वजन करेल." लेकीनं माझ्याकडे बघितलं. "बाबा, ती चेष्टेनं म्हणायची."

म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पोरीलासुद्धा. डोळे मिटून घुबड कसं लागतं हे शाळेतल्या पोरीला ठाऊक होतं आणि ज्यानं ते घरी आणलं त्याला नाही. मला त्या दोघींचा इतका राग आला की डोळ्यांपुढं दुसरं काही दिसेना, एक पलंगावर बसलेली, एक दप्तर टाकून तिच्याजवळ, दुपारचं ऊन आणि चादरीवर मांडलेली जनावरं, आणि मी कुठंतरी कुणाच्या तरी गोदामात चिमट्यानं वजन उचलत होतो. मी पेटीचं झाकण उघडलं. ससाणा वर होता. उजेडात तिरपा धरला तर दिसत होतं. पंखाच्या जवळ, त्या लख्ख जागेवर, एक मंद अंडाकृती डाग. मी इतकी वर्षं समोरून बघितलं, तिरपं कधी धरलंच नाही. डबी उघडावी असं हाताला फार झालं. मी नखही लावलं. मग कळलं की माझं बोट लागलं की तिचं जाईल. माझा अंगठा जाड, तिच्या ठशावर फिरला की संपलं. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा बघायचं, हात लावायचा नाही. मी ससाणा खाली ठेवला आणि मुठी आवळून उभा राहिलो.

फक्त एकच उरलं होतं. त्या मूर्खानं धुऊन दिलेलं. मी खिशातून रुमाल काढला आणि उलगडला.

ते गार नव्हतं. खिशात माझ्या अंगाशी राहून कोमट झालं होतं. मला हे अपेक्षित नव्हतं. मी अंगठा खवल्यांवरून फिरवला. शेपटीकडे ते बोटाला लागतात, बारीक, किसणीसारखेच, तिनं बरोबर नाव ठेवलं होतं. मग पाठीच्या मध्यावर आलो आणि ते लागायचे बंद झाले. तेवढ्याच जागी गुळगुळीत. जागा अरुंद होती. माझा अंगठा दोन्ही बाजूंना बाहेर राहत होता. मी बोट बदलून बघितलं, करंगळी लावून बघितली. ती बसली, पण तिरपी.

"कसलं धुळकट झालंय," लेक म्हणाली. ती मशीनजवळ गेली होती. तिनं ओलं फडकं पिळलं आणि हातानं फिरवायच्या चाकाकडे नेलं.

"पुसू नकोस!"

मी इतक्या जोरात ओरडलो की तिच्या हातातून फडकं पडलं. शेजारच्या घरातला रेडिओसुद्धा कुणीतरी बारीक केला असं मला वाटलं. "पुसू नकोस," मी म्हणालो. "काही पुसायचं नाही. मशीन जाणार नाही. त्या बाईंना सांग दुसरं बघा म्हणावं. चाक नाही, बटणं नाहीत, काही नाही."

"पण का?"

"सोनं आहे त्यावर."

ती माझ्याकडे बघत राहिली, जसं मी आता मोठ्या डॉक्टरांकडे न्यायच्या लायकीचा झालोय. मला समजावून सांगता येत नव्हतं. मी आकडा सांगितला, काट्याचं सांगितलं, माझ्या सहीचं सांगितलं, कमी भरलेलं कुठंतरी असतंच हे सांगितलं, सगळं ओरडतच, आणि मध्येच माझा आवाज फुटला आणि त्याचाही मला राग आला. ती ऐकून घेत होती. अगदी आईसारखी. मग ती जवळ आली, खुर्ची ओढून बसली आणि तिनं तळहात पुढं केला.

"बघू."

मी तिला किसणी दिली. तिनं ती बघितलीच नाही. डोळे मिटले, अंगठा आणि पहिल्या बोटात धरली आणि हळूहळू फिरवायला लागली, शेपटीकडून पाठीकडे, पाठीकडून शेपटीकडे. गुळगुळीत जागेवर तिचं बोट आलं आणि थांबलं. बसलं. बरोबर बसलं.

"झिजेल ती," मी म्हणालो. चिडूनच म्हणालो.

"हं," ती डोळे न उघडता म्हणाली.

ती फिरवत राहिली. खाली फडकं पडलं होतं, त्याचं पाणी जमिनीवर पसरत होतं, तेही कुणी पुसलं नाही. माझा राग गेला नव्हता. तो जाणार नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. पण मी खुर्ची ओढली, तिच्या समोर बसलो आणि हात पुढं करून ठेवला, माझी पाळी कधी येते त्याची वाट बघत.